काठीवरचं पाणी

परवा सकाळी शेजारच्या गच्चीवरून भिजल्या गव्हाचा आंबूस वास आला आणि माझा हात आपोआप पोटावर गेला.

चैत्र लागला की आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत हा वास येतोच. तीन दिवस गहू भिजत घालायचा, रोज त्याचं पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून पांढराशुभ्र चीक काढायचा, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना तो शिजवून गच्चीवर कुरडया घालायच्या. मला हा वास लहानपणापासून फार आवडायचा. बाकीच्या पोरी नाक दाबायच्या, मी पातेल्यावरचं झाकण काढून हुंगायचे. आता तोच वास आला की मी मोजायला लागते. आज कितींदा? काल कितींदा? कळ होती का? रंग कसा होता?

"मंदावहिनींनी गहू घातलाय वाटतं," मी म्हटलं.

"खिडकी लावू का?" हे म्हणाले.

"वासानं काही होत नाही हो."

तरी त्यांनी उठून खिडकी लावलीच.

सांगून टाकते. मला फुफ्फुसाचा कॅन्सर आहे. उभ्या जन्मात विडीकाडीला हात लावला नाही, तरी आहे. येत्या गुरुवारी माझं इंजेक्शन आहे. इम्युनोथेरपीचं. वर्षभर बंद होतं, महिन्याभरापूर्वी पुन्हा सुरू करायचं ठरलं, पहिला डोस झाला, हा दुसरा. तोवर पोट शांत राहिलं पाहिजे. पोट बिघडलं तर डोस नाही, आणि या खेपेला बिघडलं तर पुढंही कधीच नाही. डॉक्टर मॅडमनी हे अगदी गोड आवाजात सांगितलंय. त्यांचा आवाज जितका गोड, तितकी माझी धडधड जास्त.

आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर त्याला थट्टा वाटते. आठवड्यानं येतं. उन्हाळ्यात कधी नववा दिवस उजाडतो, कधी दहावा. त्यामुळं इथला माणूस तारखा पाण्यावरून लावतो. पाहुणे कधी बोलवायचे, गोधड्या कधी धुवायच्या, कुरडया कधी घालायच्या, सगळं पाण्याच्या दिवसावर. अंगणात हौद, गच्चीवर टाकी, आणि प्रत्येक घरात एक माणूस असा, की ज्याचा जीव त्या हौदात अडकलेला असतो.

आमच्या घरातला तो माणूस म्हणजे हे. सगळी नोकरी मोजणी खात्यात गेली. गंगापूरकडची शेतं साखळ्या टाकून मोजली, बांधावरची भांडणं ऐकली, भावाभावांच्या मधोमध खुणेचे दगड रोवले. रिटायर झाले आणि मोजायला काही उरलं नाही. मग एक बांबूची काठी आणली, तासली, माझ्या नेलपॉलिशनं तिच्यावर फुटाच्या आणि इंचाच्या खुणा केल्या. रोज सकाळी चहाच्या आधी हौदाचं झाकण सरकवायचं, काठी सोडायची, वर काढून कुठवर ओली झाली ते बघायचं आणि अंगणातून ओरडायचं, "पावणेतीन फूट!" जणू मी आत बसून वहीत लिहूनच घेणार आहे.

"अहो, ओरडता कशाला? चोरांना कळेल," मी म्हणायची.

"कळू दे. सोनं नाही आपल्याकडं, पाणी तरी आहे."

गेल्या वर्षी या दिवसांत माझे चार डोस झाले होते. तिसऱ्या डोसनंतरच्या स्कॅनमध्ये गाठ निम्मी झालेली दिसली. निम्मी! मॅडमनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. ह्यांनी खिशातला चष्मा काढला, पुढं वाकले आणि पडद्यावर बोट ठेवून दोन्ही डाग मोजले. मॅडम हसल्या. येताना आम्ही उस्मानपुऱ्यात थांबून उसाचा रस प्यालो. कितीतरी महिन्यांनी ह्यांनी माझ्या साडीचं कौतुक केलं. जुनीच साडी होती.

त्याच दिवशी मॅडमनी औषधाचं पुन्हा एकदा समजावून सांगितलं होतं. हे औषध गाठीला थेट मारत नाही, आपल्याच रक्तातल्या पहारेकऱ्यांना जागं करतं, मग ते गाठीवर तुटून पडतात.

"आणि एकदा जागे झाले की घरातल्या माणसांनाही चोर समजतात, असंच ना?" हे म्हणाले.

"अगदी असंच," मॅडम म्हणाल्या. "आतडी, कातडी, फुफ्फुस, कुठंही. म्हणून हा कागद. रोजच्यापेक्षा चार वेळा जास्त जावं लागलं, तर त्याच दिवशी फोन. दुसऱ्या दिवशी नाही."

तो कागद मी घरी आणून फ्रिजवर चुंबकानं लावला. मोठ्या अक्षरात होता, मराठीत होता, अगदी सोपा होता. मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

डोस घ्यायच्या हॉलमध्ये खुर्च्या ओळीनं असत. माझ्या शेजारी नेहमी सुमनबाई यायच्या. गंगापूरच्या पुढं त्यांचं गाव, पहाटे जीपनं निघायच्या, डोक्याला घट्ट रुमाल, पिशवीत गूळ-शेंगदाणे. हाताला सुई लागली की डाव्या हातानं ते मला द्यायच्या. लई बोलक्या. त्यांच्या उसाबद्दल, सुनेबद्दल, गावातल्या कुत्र्यांबद्दल. चौथ्या डोसला त्या माझ्याकडं झुकल्या आणि आवाज खाली आणला.

"ताई, तुमाला काई होतंय का वो, ह्या औषधानं?"

"नाही बाई, अजून तरी नाही. तुम्हाला?"

"मह्या अंगावर फोडं उठले व्हते. समद्या पाठीवर. म्या सांगितलंच नाय." त्यांनी शेंगदाणा तोंडात टाकला. "सांगितलं का बंद करत्यात. आमच्या वाडीतल्या एकाचं आसंच बंद केलं. मंग काय उरलं त्याच्याकडं?"

मी त्यांना म्हटलं, असं करू नये, सांगावं. मोठ्या शहाण्या माणसासारखं म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि मला आणखी गूळ दिला.

ते वाक्य मात्र मी घरी घेऊन आले. सांगितलं का बंद करत्यात.

आणि मग कुरडयांचा दिवस आला. पाणी शनिवारी आलं, रविवारी आमच्या गच्चीवर कुरडया. ह्यांचा विरोध होता, पण माझी गाठ निम्मी झाली होती, मी कुणाचं ऐकते! उजाडायच्या आधी चूल पेटली. मंदावहिनी चीक घाटत होत्या, मी खुर्चीवर बसून हुकूम सोडत होते. मीठ कमी, गाठी होतायत, आच वाढवा. चीक घाटायला खांद्यात बळ लागतं. ते माझ्यात नव्हतं, पण तोंडात होतं. प्लॅस्टिकवर कुरडयांची पांढरी चाकं पडत गेली, आणि सूर्य आला तेव्हा निम्मी गच्ची भरली होती.

खरं तर कुरडया हे निमित्त. सगळ्यांचा डोळा गरम चिकावर. वाटीत घ्यायचा, वरून कच्चं तेल, नाहीतर दूध-साखर. मी एक वाटी खाल्ली, मग दुसरी, मग कुणाचं लक्ष नाही बघून तिसरी. किती तरी दिवसांनी अन्नाला चव लागली होती. चीक पचायला जड. दरवर्षी कुरडयांच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या निम्म्या बायकांची पोटं बिघडतात, आणि त्याची आम्हाला लाज नाही, उलट मौज वाटते.

सोमवारी मंदावहिनी भिंतीवरून डोकावल्या. "अगं विजू, सकाळपासून चार चकरा झाल्या माझ्या!"

"माझ्या पाच," मी म्हटलं.

"अगं बाई! जिंकलीस!"

आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. ते हसू मला आजही ऐकू येतं. फ्रिज माझ्या पाठीशी होता, कागद त्याच्यावर होता, आणि मी जिंकले म्हणून हसत होते.

मंगळवारी मंदावहिनींचं पोट थांबलं. बाकीच्यांचंही थांबलं. माझं सात वेळा झालं. बुधवारी आठ. माझ्या मनानं अजून चिकाचं बोट सोडलं नव्हतं. तीन वाट्या खाल्ल्या ना, मग भोगा, असं स्वतःला दटावायचं. ताकात सुंठ घालून प्यायचं, केळं खायचं. मीठ-साखरेची पाकिटं मी स्वतः जाऊन कोपऱ्यावरून आणली आणि न्हाणीघरात बादलीमागं लपवली. लपवली, तेव्हाच मला खरं काय ते कळलं असणार. चिकाच्या पोटाला कुणी औषध लपवत नाही.

पुढच्या मंगळवारी डोस होता. मी मनात हिशेब धरला होता, मंगळवारपर्यंत काढायचं. एकदा ते औषध शिरेत गेलं की मग सांगू. गाठ निम्मी झालीये, अजून एक डोस, पाव होईल. हे समोर असले की मी पाठ ताठ करून चालायची. ओठ सुकायचे, त्यांना व्हॅसलीन लावायची. "आज टवटवीत दिसतेस," हे म्हणायचे. मला रडूच यायचं, आणि मी त्यांच्यावर खेकसायची.

माणसाला फसवता येतं हो. हौदाला कसं फसवणार?

गुरुवारी सकाळी अंगणातून आवाज आलाच नाही. मी चहा गाळत थांबले. मग हे आत आले, काठी हातातच. "विजू, सव्वा फूट पाणी कमी आहे. असायला हवं त्यापेक्षा सव्वा फूट."

"चादरी धुतल्या ना मी."

"चादरींना एवढं नाही लागत." त्यांनी काठी भिंतीला लावली. "कुठंतरी मुरतंय."

मुरतंय!  गुरुवार, शुक्रवार ते गळतीच्या मागं लागले. नळाखाली वाट्या ठेवल्या. भिंतींना कान लावले. गच्चीवरच्या टाकीला खडूनं रेघ मारली आणि दर दोन तासांनी जिना चढून बघून आले. बासष्टीचा माणूस, गुडघ्यांचं दुखणं, आणि भर उन्हात वर-खाली. मी खाली बसून त्यांची पावलं ऐकत होते. एक शब्द बोलले असते तर ते खाली बसले असते. नाही बोलले. शुक्रवारी दहा वेळा झालं, आणि त्यात लालसर काहीतरी होतं. ते बीट खाल्ल्याचं असेल, असं मी ठरवलं. बीट कधी खाल्लं होतं ते आठवत नव्हतं.

शनिवारी ह्यांनी उस्मानपुऱ्यातून युनूसभाईंना बोलावलं. आमचं घर बांधलं तेव्हापासूनचे प्लंबर, दाढी पांढरी झालेली, हात अजून पोलादी. दोघांनी मिळून नकाशा मांडल्यासारखी चर्चा केली, आणि गळती न्हाणीघराच्या फरशीखालीच असणार असं ठरवलं. छिन्नी लागली. सासूबाईंच्या वेळची फरशी होती, निळ्या ठिपक्यांची, तशी आता मिळत नाही. पहिली फरशी तडकल्याचा आवाज झाला तेव्हा मी बाहेर खुर्चीवर बसले होते, पोट दोन्ही हातांनी धरून. माझ्यापायी घर फोडत होते ते दोघं, आणि मी फोडू देत होते. याच्याइतकी शरम मला आयुष्यात कशाची वाटली नाही.

आणि मला जायचं होतं. तिथंच.

"युनूसभाई, जरा बाहेर येता का?"

ते आले. मी गेले, आले. पुन्हा ठकठक सुरू झाली. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. ते पुन्हा निमूट बाहेर आले. तिसऱ्यांदा मी दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी छिन्नी खाली ठेवली. बादली सरकवलेली होती आणि तिच्यामागची रिकामी पाकिटं त्यांच्या पायाशी पडली होती. त्यांनी पाकिटांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"बाई," ते हळू म्हणाले, "आपकी तबीयत ठीक नई दिख री."

 त्यांनी रुमालानं हात पुसले, बाहेर गेले आणि ह्यांना म्हणाले, "साब, लीकेज-बिकेज कुछ नई है जी. पानी घर मेंच जा रा."

हे अंगणातून आत आले. दारात उभ्या माझ्याकडं बघितलं. फोडलेल्या चार फरश्यांकडं बघितलं, पाकिटांकडं बघितलं. आयुष्यभर मोजणी केलेल्या माणसाला बेरीज करायला वेळ लागत नाही.

"कितींदा?"

"मोजलं नाही."

"विजू."

"काल दहा. आज आत्तापर्यंत सहा."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त माझ्या पायात चपला सरकवल्या, वाकून, दोन्ही. युनूसभाईंनी रिक्षा थांबवून आणली आणि आम्ही जाईपर्यंत गेटपाशी उभे राहिले.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, सोमवारपासून. "कागद दिला होता ना आपण?" हो. "मग?" मी म्हटलं, "फ्रिजवर लावलाय." त्यांनी मान खाली घालून लिहायला घेतलं. दुर्बीण घालून बघितलं तेव्हा आतड्याला आतून जागोजागी जखमा होत्या. पहारेकऱ्यांनी घर फोडायला घेतलं होतं, आमच्या न्हाणीघरासारखंच. सलाईन, स्टेरॉइडचं इंजेक्शन, पोटाला विश्रांती.

"मंगळवारचा डोस?" मी विचारलं. सलाईन लागलेली, उठून बसता येत नव्हतं, आणि हे मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. आणि मग, मला वाटतं सांगावं की नाही याचा विचार करून, त्यांनी सांगितलं. "दुसऱ्या दिवशी आला असतात ना, तर थोड्या गोळ्यांवर भागलं असतं. एखादा डोस चुकला असता. आता काही महिने तरी नाही. बंद केलेलं नाही, थांबवलंय."

थांबवलंय. जे वाचवायला मी सगळं लपवलं, तेच लपवण्यामुळं गेलं. एवढंच माझं गेल्या उन्हाळ्याचं सार आहे.

घरी आले तेव्हा कुरडया वाळून डब्यात भरल्या गेल्या होत्या. मंदावहिनींनी भरल्या होत्या. मग स्टेरॉइडचे दिवस. एवढी भूक, की शेजारच्या फोडणीचा आवाज आला तरी मला राग यायचा. चेहरा पुरणपोळीसारखा फुगला. हात थरथरायचे. रक्तातली साखर वाढली. दर आठवड्याला एकेक गोळी कमी करायची, आणि कमी केली की दोन दिवस मी न्हाणीघराच्या दाराकडं बघत बसायची. फरशीच्या जागी युनूसभाईंनी सिमेंट लिंपलं होतं. त्यांनी दुसरी फरशी आणतो म्हटलं, पण मी नको म्हटलं. तो करडा चौकोन तसाच आहे. मी अजून त्याच्यावर पाय देत नाही, ओलांडून जाते.

जूनमध्ये तपासणीला गेले तेव्हा त्या हॉलमध्ये डोकावले. माझ्या खुर्चीवर कुणी मुलगी होती. शेजारची खुर्ची रिकामी होती. "सुमनबाई?" मी सिस्टरला विचारलं. ती हातातलं काम करतच राहिली. "त्यांना दम लागत होता, काकू. बरेच दिवस अंगावर काढला." मग म्हणाली, "आता येत नाहीत त्या." मी पुढं विचारलं नाही. सुमनबाई म्हणाल्या होत्या, ऊस निघाला की तुमाला काकवी आणते. हिवाळ्यात गंगापूरकडून उसाच्या ट्रॉल्या भरून जायला लागल्या, रस्त्यावर पाचट पडलेलं दिसायचं, आणि मी उगीचच दाराची बेल ऐकायची.

मधले महिने शांत गेले. औषध नाही, आणि तरी स्कॅनमध्ये गाठ तेवढीच. "जैसे थे," हे म्हणायचे, मोजणी खात्यातला शेरा. दिवाळी झाली. मी चकल्या केल्या. पण खोकला आला तरी दोघंही थबकायचो. साधा धुळीचा खोकला, तरी हे बातम्यांचा आवाज कमी करायचे आणि दुसरा खोकला येतो का ते ऐकायचे. शांततेला इतकी भीती असते, हे मला माहीत नव्हतं.

महाशिवरात्रीनंतरच्या स्कॅनमध्ये डाव्या बाजूला एक नवा ठिपका दिसला. या वेळी ह्यांनी चष्मा काढला नाही. मॅडम म्हणाल्या, तेच औषध पुन्हा देऊन बघू, डोळे उघडे ठेवून. पोटानं साथ दिली तर ठीक. नाही दिली तर हे कायमचं सोडावं लागेल.

"आणि मग?"

"दुसरी औषधं आहेत," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या गाठीनं याचंच ऐकलं होतं."

तेव्हापासून आमच्या घरी सकाळी दोन आकडे ओरडले जातात. हे अंगणातून पाणी सांगतात, मी आतून माझा आकडा सांगते. "अडीच फूट!" "एक!" "सव्वादोन!" "एक!" मंदावहिनी एकदा म्हणाल्या, "काय गं, सकाळी सकाळी सट्टा लावता का तुम्ही दोघं?" मी हसले. ही अट मीच घातली होती. पहिला डोस घेऊन दवाखान्यातून आले त्या दिवशी मी ह्यांना म्हटलं होतं, तुम्ही हौद मोजता तसं मला मोजा, मी स्वतःवर विश्वास ठेवत नाही. ते म्हणाले, "माणसाला काठी लावत नाहीत, विजू. तू सांगत जा." मग सांगत गेले. तीन आठवडे, रोज, एक. एखाद्या दिवशी दोन.

काल मंदावहिनी चीक घेऊन आल्या. छोटी वाटी, वर झाकण. "तुला चालत नाही, ठाऊक आहे. नुसती बघायला आणली." मी झाकण काढून बघितलं. वाफ आली. बोटभर चाखावा असं इतकं वाटलं, इतकं वाटलं. झाकण ठेवून दिलं. हे स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच खाऊन मोकळे झाले आणि वाटी लगेच विसळून टाकली, दोन चमचे पाण्यात, त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं.

म्हणजे आज सकाळी माझ्याकडं नाव घ्यायला चीकसुद्धा नव्हता.

साडेपाचला उठले, गेले. वाटलं, असू दे. सहाला पुन्हा. मग सव्वासहाला. गल्लीत मंदावहिनींच्या गच्चीवर सोऱ्या फिरवल्याचा कुईकुई आवाज येत होता, दुसऱ्या घाण्याच्या कुरडया. पावणेसातला पोटात तीच ओळखीची कळ आली, खालून वर पिळत जाणारी. करडा चौकोन ओलांडून गेले, ओलांडून आले. चार. हात धुताना मी नळ अगदी बारीक सोडला, आवाज होऊ नये म्हणून. माझं मलाच ते उशिरा लक्षात आलं.

अंगणात हौदाचं झाकण सरकलं.

चार दिवसांवर गुरुवार. एक म्हटलं तर कोण बघणार आहे? आज एक, उद्या एक, सुंठीचं ताक, आणि गुरुवारी औषध शिरेत. पाणी कमी झालं तर चादरी आहेतच. सुमनबाई माझ्या कानाशी झुकल्या, गुळाच्या वासासकट. सांगितलं का बंद करत्यात ताई. मला त्यांचा राग आला नाही. त्यांना फक्त जगायचं होतं, मलाही तेवढंच पाहिजे. किती साधी गोष्ट मागतोय आम्ही, आणि ती मागायला रोज सकाळी केवढं धैर्य लागतं!

आज पाण्याचा आठवा दिवस. नळ अजून आला नाही. काठी हौदात गेल्याचा, तळाला टेकल्याचा आवाज आला. ह्यांनी आकडा ओरडला नाही. वाट बघत असतील, मी आधी बोलेन म्हणून.

"चार," मी म्हटलं. आवाज बारीक निघाला, म्हणून पुन्हा म्हटलं. "अहो, चार. सकाळपासून."

अंगणात काठी हौदातून वर निघाल्याचा आवाज आला. 

"पाणी किती आहे?" मी विचारलं. मला दुसरं काही सुचलं नाही.

"भरपूर आहे गं," हे म्हणाले. "तू वापर. मोजू नकोस."

फूट नाही, इंच नाही. भरपूर! इतक्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून पाण्याच्या बाबतीत ऐकला नव्हता. मी खिडकीशी गेले आणि परवा त्यांनी लावलेली खिडकी उघडली. ते पाठमोरे उभे होते, काठी हातात. तळाशी चार बोटं तेवढी ओली होती. त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं ती पुसून कोरडी केली, भिंतीला टेकवून ठेवली आणि दवाखान्याला फोन लावायला आत आले.